सोलापूर : अडीच तास

चहा ठेवलाय, बसा. प्रकरण मुळापासून सांगावं लागेल. अर्ध्यातून उठणारी माणसं मी फार पाहिली आहेत आणि माझी तक्रारच त्यांच्याबद्दल आहे.

डिसेंबरात ठाण्याचे आमचे मेहुणे, म्हणजे हिचे थोरले भाऊ, सहकुटुंब जहाजाने गोव्याला जाऊन आले. मुंबईहून निघालेलं जहाज सकाळी मुरगाव बंदराला लागलं आणि संध्याकाळी सुटलं. मधल्या वेळात गोवा बघायचा होता. बसने जुन्या गोव्याला नेलं, बॉम जेझूच्या बॅसिलिकेत वीस मिनिटं दिली, पणजीत काजू घ्यायला एक तास दिला, मंगेशीचं तर नावच काढू दिलं नाही आणि दिवेलागणीच्या आत सगळ्यांना परत जहाजावर चढवलं. फोनवर मेहुणे चाळीस मिनिटं बोलत होते. "भाऊजी, गोवा म्हणजे काय काजूचं दुकान आहे का हो? एवढा इतिहास, एवढी देवळं, आणि हे म्हणतात दिवसात उरका! ज्या गावाला जायचं त्या गावाला वेळ द्यायला नको?"

मी पूर्णपणे त्यांच्या बाजूने होतो. व्हेनिसचा दाखला मीच त्यांना दिला. तिथे मोठी जहाजं पार गावाच्या अंगणात शिरायची. ऑगस्ट २०२१ पासून त्यांना सान मार्कोसमोरच्या पाण्यात यायची बंदी झाली. आणि एप्रिल २०२४ पासून, गर्दीच्या ठरावीक दिवशी, मुक्काम न करता नुसतं दिवसापुरतं येणाऱ्याकडून माणशी ५ युरो घ्यायला सुरुवात झाली. जो रात्री राहतो त्याला हे शुल्क नाही. मेहुणे म्हणाले, "बरोबर केलं. गावाला मान नको?"

हे वाक्य मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं, तारीख आणि वेळ घालून. बँकेत एकतीस वर्षं काढली की तोंडी व्यवहारावर माणूस विसंबून राहत नाही.

मे महिन्यात मेहुण्यांचा कागद मोबाईलवर आला. पहिला दिवस पंढरपूर, दर्शन, मुक्काम. दुसरा दिवस अक्कलकोट, दर्शन, महाप्रसाद. गाणगापूर, दर्शन, मुक्काम. तिसरा दिवस तुळजापूर, दर्शन, परत ठाणे. माणसं अकरा. आणि पंढरपूर-अक्कलकोटच्या मधल्या फटीत, बारीक अक्षरात एक ओळ होती: "सोलापूर – फ्रेश होणे, चहा, चादर. १०.३० ते १.००."

कॅलेंडर अजून भिंतीवर होतं. मी जाऊन वाक्य पुन्हा वाचलं.

देवांविषयी माझी काही तक्रार नाही, हे आधीच नोंदवून ठेवतो. पण आमच्या गावाची जागा बघा. पंढरपूर सत्तर-बहात्तर किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीस, अक्कलकोट चाळीसच्या आसपास, त्याच्या पुढे गाणगापूर, आणि खाली शंभरावर विजापूरचा गोल घुमट. चहूबाजूंनी खोल्या आणि मधे आम्ही, घरातल्या पॅसेजसारखे. पॅसेजमध्ये कोणी बसत नाही. तिथे चपला काढतात आणि विचारतात, बाथरूम कुठे आहे.

तरीही मी ठरवलं, अडीच तास तर अडीच तास. दीडशे मिनिटांत जेवढं न्याय्य आहे तेवढं दाखवायचं. आदल्या रात्री वही घेऊन बसलो. सिद्धेश्वर मंदिर आणि तलाव पन्नास मिनिटं. शेजारचा भुईकोट किल्ला पस्तीस. चार हुतात्मा चौक दहा. भैय्या चौकाजवळचं डॉ. कोटनीसांचं घर वीस. आमच्याकडे शेंगाचटणी आणि कडक भाकरी पस्तीस. बेरीज बरोबर दीडशे झाली. मग लक्षात आलं की एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला ह्यात एक मिनिटही धरलेलं नाही, आणि चादरही नाही.

काहीतरी कापायला हवं होतं. कोटनीस कापताना हात थरथरला, खोटं सांगत नाही. १० ऑक्टोबर १९१० रोजी ह्या गावात जन्मलेला मुलगा डॉक्टर होतो, १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून युद्ध चालू असलेल्या चीनमध्ये जातो, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत तिथलाच होऊन जातो आणि ९ डिसेंबर १९४२ ला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच जातो. शांतारामबापूंनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला. आज त्या घरात स्मारक आहे आणि ते बघायला चीनमधून माणसं येतात. ठाण्याहून येणाऱ्यांना मात्र ते सवडीत बसत नाही, आणि कापणारा मी, सोलापूरचाच. ही वेळ माझ्यावर कोणी आणली, एवढाच माझा प्रश्न आहे.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी फाटकाशी उभा होतो. गाडी आली अकरा वाजून पाच मिनिटांनी. पंढरपुरात नाश्त्याला उशीर झाला होता. होतो उशीर, माझं काही म्हणणं नाही. पण निघायची वेळ एकच राहिली, कारण अक्कलकोटला अन्नछत्रात वेळेत पोचायचं होतं. म्हणजे पस्तीस मिनिटं खर्च झाली पंढरपूरच्या नावावर आणि वजावट झाली सोलापूरच्या खात्यातून. बँकेत असं कोणी केलं असतं तर संध्याकाळच्या आत खुलासा मागवला असता. इथे मेहुणे उतरता उतरता म्हणाले, "भाऊजी, ऊन काय हो तुमच्याकडे!"

हेही नोंदवून ठेवा. मे महिन्यात, सकाळी अकराला, मुद्दाम येऊन उन्हाबद्दल जाब विचारायचा.

अकरा माणसं फ्रेश व्हायला पंचवीस मिनिटं लागली. निसर्गाचा धर्म आहे, मी त्याबद्दल बोलत नाही. फक्त ही पंचवीस मिनिटंसुद्धा 'सोलापूर बघितलं' ह्या सदराखाली जमा झाली, एवढं लक्षात असू द्या.

आता चटणीचं सांगतो. हिने आदल्या दिवशी दाणे मंद आचेवर खमंग भाजले होते, साल पाखडली होती, लसूण, जिरं, लाल तिखट आणि मीठ घालून सगळं लोखंडी खलबत्त्यात कुटलं होतं. मिक्सरमध्ये होते ती भुकटी. आमची चटणी कुटावीच लागते. घाव बसत जातात तसं दाण्याला तेल सुटतं, चटणी गडद लाल होते, गोळा धरते आणि बोटाने दाबली की बोटाला तेलाचा डाग राहतो. सोबत कडक भाकरी. ज्वारीची, हातावर नव्हे तर पोळपाटावर थापून कागदासारखी पातळ केलेली, तव्यावर आणि मग आचेच्या धगीवर पार कोरडी होईतो वाळवलेली. ती पंधरा दिवस, महिना टिकते. आमटीत कुस्करली की पुन्हा जिवंत होते. ताटं मांडलेली होती. वहिनींनी भाकरीचा तुकडा मोडला, टक्कन आवाज झाला, आणि त्यांनी हळूच, हिला वाईट वाटू नये म्हणून आवाज उतरवून विचारलं, "कालची आहे का?"

त्यांच्या मनात काही नव्हतं, मला माहीत आहे. पण एका अख्ख्या जिल्ह्याचं शहाणपण त्या तुकड्यात होतं. पाऊस कमी, सरपण कमी, शेतावर दिवस मोठा. एकदा बसून करावं आणि पंधरा दिवस पुरवावं. ते सगळं 'शिळं' ह्या एका शंकेत गेलं. मी समजावायला तोंड उघडलं तेव्हा मेहुणे म्हणाले, "डब्यात भरून द्या, गाडीत खाऊ. आता चादरी बघून घेऊ."

डबा भरला. साडेअकरा वाजून गेले होते.

चादरीच्या दुकानात आम्ही पंचेचाळीस मिनिटं होतो. पणजीतल्या काजूच्या तासाला मेहुणे काय म्हणाले होते ते तुमच्या लक्षात असेलच. माझ्या कॅलेंडरवर तर आहेच. दुकानदार बिचारा घड्यांवर घड्या उलगडत होता. "बघा की ओ मावशी, हात लावून बघा. वीस वर्षं काय होत नाही ह्याला." वहिनींना ती हाताला जड लागली. भाचीने विचारलं, "काका, ह्यात फक्त मोरच येतात का?" कोणी म्हणालं, ऑनलाइन ह्यापेक्षा स्वस्त दिसते. ऑनलाइन दिसते ती सोलापुरी असतेच असं नाही, हे मी सांगितलं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, २००५ पासून, टॉवेललाही आहे, हेही सांगितलं. भावात सूट मिळते का, असं विचारण्यात आलं.

मी एक चादर उचलून दिव्याखाली धरली. खरी सोलापुरी चादर बघायची तर ती उलटी करावी. सुलट्या बाजूला लाल अंगावर पांढरा मोर असेल तर उलट्या बाजूला पांढऱ्यावर लाल मोर येतो. तोच मोर, तीच पिसं, रंग तेवढे अदलाबदल केलेले. हे जॅकार्डचं काम आहे. वर टांगलेल्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते, प्रत्येक पुठ्ठा सांगतो की आत्ता कोणते दोरे उचलायचे, आणि एकेका आडव्या धाग्याने मोराचा पाय, मग पोट, मग तुरा वर चढत येतो. मोर पायाकडून विणला जातो, डोकं शेवटी. हे बघायला पूर्व भागात जावं लागतं. दुकानापासून गाडीने दहा मिनिटं. गल्लीच्या तोंडाशीच यंत्रमागाची खटखट कानावर येते, सगळ्या घरांतून एकदम. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी हे गाव विणलं आहे. तिथे मुलं अंगणात तेलुगू बोलतात, दुकानात मराठी आणि शाळेच्या वाटेवर दोन्ही. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी निघाली, जुनी मिल म्हणतात तिला अजून. हे मी मेहुण्यांना सांगत होतो आणि ते हिशेब करत होते, सहा घेतल्या तर एकीचा दर काय पडतो.

दहा मिनिटांवर मोर जन्माला येत होता. आम्ही पंचेचाळीस मिनिटं घडी घातलेला मोर बघितला.

तिथून निघालो तर चार हुतात्मा चौकात सिग्नल लाल होता. माझं नशीब. मी पुढच्या सीटवरून मागे वळलो आणि हात करून म्हटलं, ते बघा, ते चार पुतळे. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाली, सोलापूर पेटलं, इंग्रजांचा अंमल काही दिवस इथून उठला. मग मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिली. मल्लप्पा धनशेट्टी. जगन्नाथ शिंदे. श्रीकिसन सारडा. एवढ्यात सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न सुरू झाले आणि गाडी निघाली. अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे नाव मी घेतलं ते गाडी वळल्यावर, आणि ते कोणाला ऐकू गेलं असेल असं वाटत नाही. एक लिंगायत, एक मराठा, एक मारवाडी, एक मुसलमान, एकाच दिवशी, एकाच दोरासाठी गेले. त्यांच्या वाट्याला आमच्या पाहुण्यांकडून एक सिग्नल आला, तोही चौथ्याला पुरला नाही. ह्या गोष्टीचा मला आजही राग आहे आणि तो जाऊ नये असं वाटतं.

सिद्धेश्वराला पोचलो तेव्हा सव्वाबारा उलटून गेले होते.

आता खरी फिर्याद. सिद्धरामेश्वरांची गोष्ट मी पाहुण्यांना सांगतो, आज नऊ वर्षं. पुण्याचे आले, नाशिकचे आले, कोल्हापूरचे तर दोनदा आले. गोष्ट अशी सुरू होते. बाराव्या शतकातलं हे गाव, तेव्हाचं नाव सोन्नलगी. शेत राखणाऱ्या एका पोराकडे एक जंगम येतो आणि हुरडा मागतो. पोर हुरडा भाजून देतं. जंगम म्हणतो, पोटात आग पडली, दहीभात आण. पोर घरी धावतं, दहीभात घेऊन येतं, तर जंगम नाही. मल्लय्या, मल्लय्या अशा हाका मारत ते पोर रडत निघतं ते थेट श्रीशैलपर्यंत. तिथे त्याला मल्लिकार्जुन भेटतो आणि सांगतो, परत जा, तुझ्या गावात काम आहे. परत आलेला सिद्धराम तलाव खणतो, पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगं स्थापतो. मग कुंभाराच्या मुलीची गोष्ट, तिचा योगदंडाशी लागलेला विवाह. त्यासाठी अजून दर संक्रांतीला सात नंदीध्वज निघतात, बाराबंदी घातलेली माणसं ती उंच काठी कमरेच्या पट्ट्यात तोलून चालतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, दुसऱ्या दिवशी होम मैदानावर होम होतो. ह्या गोष्टीला पन्नास मिनिटं लागतात. त्याच्या आत ती सांगणं म्हणजे सिद्धरामांवर अन्याय.

पुण्याचे हुरड्यावरच अडले. हुरडा पार्टी कुठे असते, हे विचारत बसले. कोल्हापूरचे पहिल्या खेपेला दहीभातापर्यंत आले, दुसऱ्या खेपेला त्यांना भूक लागली. नाशिकचे सगळ्यांत लांब गेले, श्रीशैलला पोचले, आणि तेवढ्यात त्यांच्यातल्या एकाचा फोन वाजला. तलाव खणेपर्यंत आजवर एकही पार्टी टिकलेली नाही, आणि हे सगळे त्याच तलावाच्या काठावर उभे असतात. 'मग पुढे काय झालं?' हा प्रश्न नऊ वर्षांत मला एकदाही कोणी विचारलेला नाही. विचारला असता तर माझ्याकडे उत्तर होतं.

ठाण्याच्या मंडळींनी दर्शन घेतलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. मग पाण्याकडे पाठ करून अकराजण ओळीने उभे राहिले आणि फोटो झाले. एकेकाचे, जोड्यांचे, सगळ्यांचे. मी बाजूला उभा राहून हुरड्यापासून सुरू केलं. मेहुणे ऐकत होते, मान हलवत होते. जंगमाने दहीभात मागितला तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊजी, पुढचं फोनवर सांगा हं निवांत."

"निदान किल्ला," मी म्हटलं.

"तो काय, दिसतोय की इथून."

दिसतो, हे खरं आहे. तलावाच्या कडेलाच आहे. पण बहमनी काळापासून उभा, १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या हाती गेलेला, आत एका जुन्या देवळाचे कोरीव खांब सांभाळून बसलेला किल्ला हा दिसतो म्हणून बघितला होत नाही. समोरून जाणारा माणूस दिसला म्हणून ओळख झाली असं आपण म्हणतो का? त्या देवळाचं नाव मला त्यांना सांगायचं होतं. तेही राहिलं. भाचीला आइस्क्रीम हवं होतं, सगळी मंडळी फाटकाच्या दिशेने वळली, आणि मी काही न बोलता होम मैदानाच्या बाजूला, जिथे गाडी लावली होती तिकडे आलो.

गाडी लिंबाच्या सावलीत होती. चालक पायरीवर बसला होता, मांडीवर स्टीलचा डबा. आमचा डबा. मला बघून तो उठायला लागला. "वहिनींनी दिला साहेब, आम्हाला नको म्हणाल्या, तुम्ही खा म्हणाल्या."

मी म्हटलं, बस, खा. तो कसा खातो ते मी बघत राहिलो. भाकरीचा तुकडा त्याने तळहातावर ठेवला, दुसऱ्या हाताच्या टाचेने एकदाच दाबला, चार बारीक तुकडे झाले. चटणीचा खडा बोटाने फोडून त्यात घेतला, तेल तुकड्यांना माखलं, आणि मग घास. वर कांद्याचा एक चावा.

"गाव कुठलं तुझं?"

"इंडी, साहेब. विजापूर जिल्हा. ठाण्यात आठ वर्षं झाली. आमच्याकडं हिला खडक रोट्टी म्हणतात. लई दिवसांनी खाल्ली." मग मंदिराच्या दिशेने बोट करून म्हणाला, "सिद्धराम तेच न्हवं? मल्लय्या ज्यांच्याकडं हुरडा मागतो?"

मी पायरीवर त्याच्या शेजारी बसलो.

हुरडा, दहीभात त्याला माहीत होतं. श्रीशैलही माहीत होतं. तिथे पोर कड्यावरून उडी टाकायला निघतं आणि मल्लय्या हात धरतो, हा भाग त्याची आई कसा सांगते ते त्याने मला सांगितलं. तलावही माहीत होता. पण कुंभाराच्या मुलीचं त्याला नव्हतं माहीत. ते मी सांगितलं. योगदंड, अक्षता, सात काठ्या, होम. तो चावायचा थांबला होता. आपण बसलोय ते हेच मैदान, असं म्हटल्यावर त्याने खाली मातीकडे बघितलं.

गोष्ट संपली. नऊ वर्षांत पहिल्यांदा संपली. मी घड्याळात बघितलं, एकला सात कमी.

"पण साहेब," तो डब्याचं झाकण लावत म्हणाला, "खरी गोष्ट तर आता सुरू होती."

"म्हणजे?"

"अल्लमप्रभू येतात न्हवं का. इथंच. तलावाचं काम चालू असतं, शेकडो माणसं माती काढत असतात, आणि अल्लमप्रभू येऊन सिद्धरामाला नाव ठेवतात, माती उपसणारा म्हणून हाक मारतात. माणसं चिडतात, दगड घेऊन मागं लागतात. सिद्धरामाला बी राग येतो. मग अल्लमप्रभू म्हणतात, बाहेरचं तळं खणलंस, आतलं कोण खणणार? चल माझ्यासंगं कल्याणला, बसवण्णांकडं."

हा भाग मी वाचला होता, कधीतरी, चार ओळीत. असा ऐकला नव्हता. शेकडो माणसं, हातात दगड, आणि आम्ही बसलो होतो तिथून तलाव शंभर पावलांवर.

"मग सिद्धरामांनी वचनं लिहिली कन्नडमध्ये," तो म्हणाला. "प्रत्येक वचनाच्या शेवटी देवाचं नाव येतं, आईला सगळी पाठ..."

"कपिलसिद्ध मल्लिकार्जुन," मी म्हटलं. किल्ल्यातल्या देवळाचं तेच नाव, जे मला कोणाला सांगता आलं नव्हतं.

"हां!" त्याने माझ्याकडे वळून बघितलं. "तुम्हाला माहीत हाय?"

तेवढ्यात मंडळी आली. अकराजण गाडीत चढले, चादरींचे गठ्ठे पायाशी आले, आइस्क्रीमच्या काड्या खिडकीतून कुठे टाकाव्यात ह्याची चर्चा झाली. गाडी भट्टीसारखी तापली होती. मेहुण्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "एक वाजून पाच झाले. अन्नछत्र बंद होईल हो. ए, एसी लाव ना आधी."

चावी चालकाच्या शर्टाच्या खिशात होती. त्याने खिशावर हात ठेवला, पण तो उठला नाही.

"दोन मिनिटं साहेब," तो मेहुण्यांना म्हणाला. "ते अजून कल्याणला पोचले नाहीत."

आत कोणीतरी कागदाने वारा घालायला लागलं. बहुतेक तोच कागद असावा, १०.३० ते १.००चा. मी पायरीवर जरा सरकून त्याला नीट बसायला जागा करून दिली.

"मग?" मी विचारलं. "मग पुढे काय झालं?"